ध्यान सुरू का होत नाही? पतंजलींनी सांगितलेले नऊ अंतराय

आजचे चिंतन : योगसूत्रे, समाधिपाद, सूत्र ३० ते ३२



समाधिपादात एकूण ५१ सूत्रं आहेत. आज आपण त्यातल्या अशा जागी आलोय, जिथे पतंजली मुनी साधकाच्या अडचणींची सरळ यादीच देतात. नऊ अडचणी, नऊ नावं. पुढच्या सूत्रात त्यांची चार लक्षणं आणि त्याच्या पुढच्या सूत्रात उपाय. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी इश्यू लिस्ट, मग सिम्प्टम्स, मग फिक्स.

आजचा विषय अनेकांच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या वयाच्या मंडळींमध्ये बसलं की कुणी ना कुणी म्हणतंच, "मी दोन-तीनदा ध्यान सुरू केलं रे, पण टिकलंच नाही. आपल्याला नाही जमत ते." या वाक्याचा शेवटचा भाग मला नेहमी खटकतो. ध्यान सुटलं ही एक घटना झाली. "आपल्याला जमत नाही" हा स्वतःबद्दल दिलेला निकाल झाला. एकदा तो निकाल मनात बसला की माणूस पुन्हा आसनावर बसतच नाही. म्हणून आज हे नऊ अंतराय नीट समजून घेऊया.

"अंतराय" हा शब्दच पाहा

अंतराय म्हणजे मध्ये येणारी गोष्ट. चालणाऱ्याच्या वाटेत काहीतरी मध्ये येतं. जो घरात बसून आहे त्याच्या मध्ये काय येणार? पतंजलींनी इथे पाप, अपात्रता, नालायकी असा एकही शब्द वापरलेला नाही. ते यांना चित्ताचे विक्षेप म्हणतात. विक्षेप म्हणजे चित्त इकडेतिकडे फेकलं जाणं. म्हणजे ही चित्ताची एक अवस्था आहे, तुमच्या माणूसपणाचं प्रगतिपुस्तक नाही.

आणखी एक गंमत. अडथळ्यांची नावं ३० व्या सूत्रात येतात, पण अडथळे नाहीसे होतात हे त्याच्या आधीच, २९ व्या सूत्रात सांगून झालेलं आहे. त्याआधी २७ व्या आणि २८ व्या सूत्रात प्रणव आणि त्याचा अर्थासह जप आहे. म्हणजे औषध आधी हातात दिलं आणि मग रोगाची नावं घेतली. चांगला डॉक्टर पेशंटला घाबरवत नाही, तसंच हे.

आता नऊ अंतराय पाहू. सूत्रातला क्रम थोडा वेगळा आहे. समजायला सोपं जावं म्हणून मी त्यांचे चार गट केले आहेत.

पहिला गट : शरीर आणि मनाचं जडपण (व्याधी, स्त्यान, आलस्य)

यादीत पहिलं नाव व्याधीचं आहे, यात मोठा अर्थ आहे. शरीर बिघडलं असेल तर आधी शरीराकडे बघा. रात्री दीडपर्यंत रिलीजचं काम, साडेआठला पुन्हा स्टँडअप कॉल, मध्ये चार कप चहा आणि रात्री अकराला मागवलेली बिर्याणी. एवढं झाल्यावर पहाटे पाचला ब्राह्ममुहूर्तावर ध्यानाला बसायचं ठरवलं तर झोपच येणार. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही, झोप कमी पडली. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतही हेच सांगतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अगदी उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. म्हणून कुणी विचारलं की ध्यानाची तयारी कुठून करू, तर माझं उत्तर असतं, आज रात्री तासभर लवकर झोपण्यापासून.

कंबर, मान, गुडघे यांचंही तसंच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या शरीराला मांडी घालून अर्धा तास बसवत नाही. पतंजली आसनाबद्दल दोनच अटी घालतात, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. पद्मासनाचा आग्रह त्या सूत्रात नाही. भिंतीला टेकून बसा, खाली उशी घ्या, नाहीतर साध्या लाकडी खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसा. चालतं.

स्त्यान आणि आलस्य हे सख्खे भाऊ वाटतात, पण वेगळे आहेत. व्यासभाष्यात स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता आणि आलस्य म्हणजे शरीर व चित्त जड झाल्यामुळे हालचालच न होणं, असा फरक केलाय. लॅपटॉप चालू आहे, स्क्रीनही दिसतेय, पण काही क्लिक केलं तरी होत नाही, हे स्त्यान. बसावंसं वाटतंय, वेळही आहे, पण मन पुढे सरकत नाही. आणि लॅपटॉप उघडायलाच हात जात नाही, हे आलस्य. अलार्म वाजतो, स्नूझ होतो, पुन्हा वाजतो.

आलस्यावर उपाय शरीरापासून सुरू करावा. तोंडावर गार पाणी मारा, चार सूर्यनमस्कार घाला, खोलीत जरा चाला. स्त्यानावर उपाय आवाजाचा. मन हलत नसेल तर नामस्मरण मनातल्या मनात न करता मोठ्याने करा. आपल्या वारकरी परंपरेत टाळ, मृदंग आणि उच्चारलेलं नाम यांना इतकं महत्त्व आहे, ते उगाच नाही. जडावलेलं मन शांततेत झोपी जातं, पण आवाजाला ते उठतं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. काही जणांना डोळे मिटले की शांत वाटण्याऐवजी छातीत धडधड होते, घाबरायला होतं, जुने प्रसंग अंगावर येतात. काहींचं मन आठवडेच्या आठवडे इतकं उदास असतं की उठून दात घासणंही जड होतं. याला आलस्य समजून स्वतःला झोडपू नका. हा पहिल्या नावात, व्याधीत मोडणारा भाग आहे. डॉक्टरांकडे जा, समुपदेशकाशी बोला, गोळ्या दिल्या तर घ्या. त्यात देवावरचा विश्वास कुठे कमी होत नाही. तोपर्यंत डोळे उघडे ठेवून, चालता चालता, मोठ्याने नाम घ्या. तीही साधनाच आहे.

दुसरा गट : सुरुवातच होऊ न देणारे (संशय, प्रमाद)

संशय म्हणजे दोन्ही टोकांना हात लावणारं मन. "हे बरोबर की ते?" आपल्या पिढीला हा अंतराय जास्त छळतो, कारण आपल्यासमोर पर्याय फार आहेत. श्वास पाहू की नाम घेऊ? ॐ म्हणू की ज्योतीकडे पाहू? सगुण की निर्गुण? चार व्हिडिओ पाहिले की चार मतं मिळतात.

पतंजलींनी हा गोंधळ फार सुंदर सोडवलाय. ३३ ते ३९ या सात सूत्रांत ते चित्त शांत करण्याचे वेगवेगळे मार्ग देतात. मैत्री-करुणेची भावना, श्वास, आतला प्रकाश, रागद्वेष गेलेल्या सत्पुरुषाचं चित्त, असे बरेच. यातल्या ३४ ते ३९ या सलग सहा सूत्रांत एक छोटासा शब्द पुन्हा पुन्हा येतो : "वा". म्हणजे "किंवा". आणि शेवटच्या, ३९ व्या सूत्रात तर ते सांगतात की तुम्हाला जे मनापासून आवडतं त्याचं ध्यान करा. म्हणजे पद्धत चुकेल ही भीती मुळातच नको. विठ्ठल आवडतो? विठ्ठलाचं ध्यान करा. श्वास जवळचा वाटतो? श्वास घ्या. फक्त एक निवडा आणि काही महिने त्याच्याजवळ राहा.

संशयाचं दुसरं रूप जास्त खोल जातं : "मी यासाठी योग्य आहे का?" त्याच्याकडे शेवटी येतो.

प्रमाद म्हणजे साधनाकडे दुर्लक्ष, बेसावधपणा. प्रमादी माणूस आळशी असेलच असं नाही. उलट तो खूप उद्योगी असू शकतो! ध्यानाचं ॲप डाउनलोड करतो, आसन ऑनलाइन मागवतो, तीन पुस्तकं विकत घेतो, एक्सेल शीटमध्ये चाळीस दिवसांचा प्लॅन करतो. फक्त बसत नाही. तयारी हेच काम होऊन बसतं. ऑफिसात असे प्रोजेक्ट आपण पाहिलेत. मीटिंग रोज, डिझाइन डॉक्युमेंट पन्नास पानांचं आणि कोड शून्य.

प्रमादावर उपाय म्हणजे ठरलेली जागा आणि आधीच घट्ट बसलेल्या एखाद्या सवयीशी घातलेली गाठ. "वेळ मिळाला की बसेन" याला काही अर्थ नाही, तो मिळत नाही. "अंघोळ झाली, देवापुढे दिवा लावला की तिथेच पाच मिनिटं" हे जमतं. हॉस्टेलवर किंवा चार जणांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी देवघर कुठून आणायचं? पलंगाचा एक कोपरा, एक छोटी चादर, तीच जागा रोज. बास.

तिसरा गट : बाहेर ओढणारी अविरती

अविरती म्हणजे विषयांची ओढ न थांबणं. आजच्या काळात या अंतरायाचं घर खिशात आहे, हे वेगळं सांगायला नको. पण "ध्यानाला बसताना मोबाईल दूर ठेवा" एवढा सल्ला पुरत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी बोट त्याच्याकडे सरकायला बघतं, कारण दिवसभर आपण मनाला तेच शिकवलेलं असतं. लिफ्टची वाट पाहताना रील, लोकलमध्ये रील, जेवताना रील. दहा सेकंदही रिकामं राहायचं नाही, हा सराव दिवसभर चालू असताना सकाळची दहा मिनिटं वेगळी कशी होतील?

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हे ते पुस्तक. त्यातल्या सहाव्या अध्यायावरच्या प्रवचनात विनोबा चित्ताच्या एकाग्रतेची सांगड जीवनातल्या मोजमापाशी, परिमिततेशी घालतात. उरलेला दिवस बेहिशेबी गेला तर आसनावरची एकाग्रता हाती लागत नाही, असा त्याचा भावार्थ. मला तो फार पटतो.

म्हणून अविरतीसाठी दिवसातला एकच छोटा नियम करून पाहा. दिवसातलं एक जेवण मोबाईलशिवाय. किंवा स्टेशनपासून ऑफिसपर्यंतची चाल हेडफोनशिवाय. हेही ध्यानच आहे, फक्त ते ताटावर किंवा रस्त्यावर चालतं.

चौथा गट : सुरू केल्यानंतर येणारे (भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व)

हे तीन शब्द अवघड दिसतात, पण अनुभव सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

भ्रांतिदर्शन म्हणजे चुकीचं समजणं. सगळ्यात मोठी भ्रांती ही की ध्यान म्हणजे विचार बंद. सत्संगातल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "दादा, मी डोळे मिटले की विचार कमी व्हायच्या ऐवजी वाढतातच. मग थांबवू का?" मी त्याला म्हटलं, रात्री घरातला टीव्ही बंद केला की फ्रिजचा आवाज ऐकू येतो ना? तो आवाज तेव्हा सुरू झालेला नसतो. आधीपासून चालूच होता, फक्त ऐकू येत नव्हता. विचारांचंही तसंच. ते दिसायला लागले म्हणजे तू बघायला लागलास.

दुसरी भ्रांती याच्या उलट दिशेची. कपाळावर थोडी उष्णता जाणवली की "काहीतरी जागं झालं", मिटल्या डोळ्यांपुढे रंग दिसला की "दर्शन झालं". असे अनुभव येतात आणि जातात. त्यांना नमस्कार करावा आणि पुन्हा नामावर यावं. आपली साधना बरोबर चालली आहे का, हे बघायची जागा वेगळी आहे : घरी आईशी बोलताना आवाज चढतो का, रिक्षावाल्याशी कसं वागतो, टीममधल्या ज्युनिअरची चूक सापडली तर कसं सांगतो.

अलब्धभूमिकत्व म्हणजे पुढची पायरीच न मिळणं. महिना झाला, काहीच झालं नाही. आणि अनवस्थितत्व म्हणजे पायरी मिळाली, पण तिथे पाय टिकला नाही. मंगळवारी ध्यान इतकं छान लागलं आणि बुधवारी पुन्हा तीच खिचडी! इथे बरेच जण सोडून देतात.

पण थोडं थांबून पाहा. शेवटचा अंतराय कुणाला येऊ शकतो? ज्याला एकदा तरी ती जागा मिळाली त्यालाच. म्हणजे पतंजलींच्या हिशेबात पुढे गेलेला साधकही घसरतो, आणि त्या घसरण्याला त्यांनी यादीत रीतसर नाव देऊन ठेवलंय. मग आपण दहाव्या दिवशी घसरलो तर एवढं काय बिघडलं?

लक्षणं कशी ओळखायची?

३१ व्या सूत्रात या विक्षेपांसोबत येणाऱ्या चार गोष्टी दिल्या आहेत : दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा थरकाप आणि बिघडलेला श्वास. यातल्या शेवटच्या दोन सरळ शरीरावर दिसतात, म्हणून त्या फार उपयोगी आहेत. मनात नेमकं काय चाललंय हे कळायला वेळ लागतो, पण पाय हलतोय का, बोटं चाळा करताहेत का, श्वास वरच्यावर आणि तुटक चाललाय का, हे लगेच कळतं. बसल्यावर आधी एवढंच तपासा. श्वास तुटक असेल तर सावकाश, लांब उच्छ्वास सोडा, आठ-दहा वेळा. पुढे ३४ व्या सूत्रात श्वास बाहेर सोडण्याचा उपाय येणारच आहे.

उपाय : एकाच तत्त्वाचा अभ्यास

३२ व्या सूत्रात पतंजली नऊ अंतरायांना नऊ औषधं देत नाहीत. एकच देतात : एका तत्त्वाचा अभ्यास. एक नाम, एक रूप किंवा एक श्वास, आणि रोज तेच. मी वर दिलेले छोटे उपाय हे आसनापर्यंत पोचवणारे आहेत. आसनावर बसल्यानंतरचं काम मात्र एकच.

आणि अभ्यास म्हणजे काय, हे त्यांनी आधीच, १३ व्या आणि १४ व्या सूत्रात सांगून ठेवलंय. चित्त स्थिर राहावं यासाठी केलेला प्रयत्न म्हणजे अभ्यास. तो पक्का कधी होतो? दीर्घकाळ केला, खंड न पाडता केला आणि आदराने केला तर. "दीर्घकाळ" म्हणजे रोज दीर्घ वेळ नव्हे, हे लक्षात घ्या. रोज पाच मिनिटं आणि असे अनेक महिने. एका जपमाळेत १०८ मणी. एका नामाला तीन सेकंद धरले तर ३२४ सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटांच्या आत एक माळ होते. सकाळचा चहा उकळायला ठेवून इन्स्टाग्रामवर त्याहून जास्त वेळ जातो.

"मी यासाठी योग्य आहे का?"

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. हाच प्रश्न अर्जुनाने विचारलाय. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत ध्यानयोग सांगतात, आणि ऐकून झाल्यावर अर्जुन स्पष्ट म्हणतो की मन फार चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण वाटतं. श्रीकृष्ण त्याला रागावत नाहीत. "हो, कठीण आहेच" असं आधी मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलींनीही १२ व्या सूत्रात हीच जोडी दिली आहे.

पण अर्जुनाचं समाधान होत नाही. तो पुढची भीती बोलून दाखवतो. श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, मन मध्येच ढळलं, अशा माणसाचं काय होतं? संसारही नीट नाही आणि योगही साधला नाही, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना?

किती खरी भीती आहे ही! आपलीच आहे. आणि भगवंतांचं उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. ते अर्जुनाला मायेने हाक मारून सांगतात की चांगलं करणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही. केलेलं वाया जात नाही. या जन्मी अपुरं राहिलेलं पुढच्या जन्मी तिथूनच पुढे सुरू होतं.

जन्मोजन्मीचा हिशेब जिथे असा सांभाळला जातो, तिथे तुमचे सुटलेले दोन आठवडे कुठे हरवणार? मागच्या वर्षी केलेले अकरा दिवस जमा आहेत. आज बसलात तर आज बारावा दिवस.

आजचा संकल्प

१. नऊ अंतरायांपैकी सध्या माझा कुठला, हे एका ओळीत वहीत लिहा. एकच निवडा.

२. एक नाम किंवा श्वास ठरवा. पुढचे तीन महिने तेच.

३. रोजच्या कुठल्या सवयीनंतर बसणार हे ठरवा. दिवा, दात घासणं, ऑफिसला पोचल्यावर गाडीत, काहीही.

४. एक माळ किंवा पाच मिनिटं. मन पळालं की रागावू नका, परत आणा. शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा परत आणायचं, आणि तोच अभ्यास.

५. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. नेहमीचंच करा.

उद्या ३३ वं सूत्र पाहू. सुखी माणसाशी मैत्री आणि दुःखी माणसाविषयी करुणा ठेवली तर चित्त प्रसन्न का होतं, असं ते सूत्र. ऑफिसमध्ये रोज लागणारं आहे!

तोपर्यंत पाच मिनिटं बसून घ्या.

राम कृष्ण हरी 🙏